बोलता यावं, गाता येऊ नये

तीर्थस्वरूप आप्पामामांना,

चिकलठाण्याहून अंगदचा दंडवत. मामींना नमस्कार. तुम्ही खुशाल असाल, मामींचा गुडघा काय म्हणतो ते कळवा. फोनवर तुम्ही "बरंय, ठेव" एवढंच म्हणता, म्हणून पत्र लिहितोय. पत्र मधूनच ठेवता येत नाय. (दीपमाला, आजोबांना सावकाश वाचून दाखव. कंसातलं तुझ्यासाठी आहे, ते मोठ्यानं वाचू नकोस.)

तर झालं असं की कंपनीत सगळ्यांची तपासणी निघाली. डॉक्टर संध्याताईंनी मला एका लाकडी पायरीवर तीन मिनिटं चढउतर करायला लावली. बसलेलो असताना नाडी चौऱ्याण्णव होती, ती एकशे बावन्नवर गेली. त्याचं काही नाय, कष्ट केल्यावर कुणाचीही चढते, असं त्या म्हणाल्या. पण मिनिटभरानं पुन्हा मोजली तर एकशे त्रेचाळीस. थांबल्यावर ती भराभर उतरायला पाहिजे, तुमची उतरायला तयार नाय, असं म्हणून त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. बावीस वर्षं मी क्रेन चालवतो, मामा. वरच्या केबिनला जायला अडतीस पायऱ्यांची लोखंडी शिडी आहे. साहेबांनी सांगितलं, तीन महिन्यांत फिट व्हा, नायतर खाली गेटवर बसा. मी म्हटलं, ठीक आहे. (मी संडासात जाऊन रडलो. मग तोंड धुऊन शिडी चढलो, मधी तीनदा थांबून.)

आता मी डोकं चालवलं. हृदय आधीच जास्त काम करतंय, तर त्याला आराम द्यावा. जेवढी रजा होती तेवढी टाकून आठवडाभर पडून राहिलो. नाडी सत्त्याण्णव झाली. संध्याताईंना फोन केला तर किती दिवस पडून होतात ते त्यांनी दोनदा विचारलं. मग म्हणाल्या, घागरीनं आणायचं पाणी तुमचं हृदय तांब्यानं आणतंय, म्हणून फेऱ्या जास्त होतात. रोज अर्धा-पाऊण तास चाला, हळूहळू तांब्याची घागर होईल. किती जोरात चालायचं, तर चालताना बोलता यावं, गाता येऊ नये.

मी नियमाला पक्का माणूस. दर दहा मिनिटांनी गाऊन बघायचो. दुसरं काही येत नाय म्हणून तुमच्याकडून ऐकलेली बिरोबाची ओवी घ्यायचो, आणि ती नियमाप्रमाणं अर्ध्यात तुटायची. चौथ्या दिवशी मैदानावर रोज येणारे बद्रीनाथकाका जवळ आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, घरातलं कोण गेलं. मी म्हटलं, कुणी नाय, व्यायाम चालू आहे. तरी ते माझ्याबरोबर एक फेरी मुकाट्यानं चालले.

पोरीनं, योगिनीनं, ठोके मोजणारं घड्याळ आणून दिलं होतं. दुसऱ्या आठवड्यात एक तांबडं कुत्रं मागं लागलं. घड्याळानं एकशे शहात्तर दाखवले आणि आजचं उद्दिष्ट पूर्ण झालं म्हणून माझं अभिनंदन केलं. मी तेव्हा पाण्याच्या टाकीवर होतो. (शिडी नव्हती. कसा चढलो ते अजून कळलेलं नाय.) तुमची भाचेसून रत्नमाला म्हणाली, कुत्र्याला रोज बिस्कीट घाला, म्हणजे रोज मागं लागून तुमचं उद्दिष्ट पूर्ण करेल. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच माझ्याबरोबर यायला लागली. सगळा वेळ ती बोलायची आणि तिची नाडी अठ्ठ्याण्णवच्या वर जायची नाय. मी नुसता व्हय व्हय म्हणायचो आणि माझी एकशे तीस.

पहिला महिना काहीच फरक नाय. दुसऱ्या महिन्यात शिडीवर तीनदाऐवजी एकदा थांबलो. मग एक दिवस वर पोचल्यावर ध्यानात आलं की थांबायचं राहूनच गेलं. केबिनमध्ये बसून जरा वेळ खाली बघत राहिलो. परवा पुन्हा तपासणी झाली. बसून शहात्तर, पायरीवर एकशे अठ्ठावीस, आणि मिनिटभरानं एकशे एक. संध्याताईंनी ठोके दोनदा मोजले. मला लई बोलायचं होतं, पण मी नुसतं "बरंय" म्हटलं. घराणं तुमचंच आहे.

क्रेन माझ्याकडंच राहिली. बाकी सगळं क्षेम. पोराबाळांना आशीर्वाद.

तुमचा भाचा,
अंगद

ता.क. खरं पत्र इथून सुरू होतं. दीपमालानं मला कळवलंय की हल्ली टेकडीच्या चढाला तुम्ही दोनदा खाली बसता आणि चप्पल टोचतेय म्हणून सांगता. मामा, चप्पल टोचली तर माणूस पायाला हात लावतो, छातीला नाय. जन्मभर मेंढरांमागं चाललात, म्हणून तुम्हाला काही व्हायचं नाय असं तुम्हाला वाटतं. मलाही तसंच वाटत होतं. संध्याताईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, चालून बघू नका, आधी दाखवा, आणि मधी जास्त दुखलं तर तसंच उठून दवाखाना गाठा. सोमवारी सकाळी रत्नमाला गाडी घेऊन येतेय. इथं शहरात, उस्मानपुऱ्यात, हृदयाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय. तिच्याबरोबर मीही येतोय, मेंढरं आठवडाभर मी राखतो, बिनपगारी रजा मंजूर झालीय.

आणखी एक. यायला जमत नसेल तर तसं अवश्य कळवा, पण पत्रानंच. तुमच्याकडून इथं पत्र पोचायला चार दिवस लागतात, आणि हे तुमच्या हातात शनिवारी पडेल.