हात न लावलेलं प्रोजेक्ट

५ नोव्हेंबर, बुधवार

आजपासून लिहायचं. डायरी मागच्या वर्षीची, मेडिकलवाल्यानं माझ्या लेकाला, दयानंदला दिलेली. कोरीच पडली होती. तारखा-वार पेननं सुधारून घेते. सून रंजिता म्हणाली, आई, तोंडात येईल ते बोलण्यापेक्षा लिहीत जा, बरं वाटेल. कुणाला बरं वाटेल ते तिनं सांगितलं नाही.

मी चौथीपर्यंत शिकले, खानापूरला. माझं अक्षर मास्तर सगळ्या वर्गाला दाखवायचे. कशासाठी ते आता आठवत नाही.

मुद्दा असा. रंजिताला आमच्या नातीला, स्मृतीला, शाळेनंतर क्लासला घालायचंय. मागच्याच गल्लीत आहे. क्रिएटिव्हिटीचा क्लास, अडीच ते सहा. माती, कागद, रंग. म्हणजे पोर घरात जो पसारा फुकट करते, तो तिथं फी भरून करायचा. हे गेल्यावर बोम्मसंद्र्याचं घर सोडून मी इथं व्हाइटफील्डला लेकाकडं आले ती या नातीसाठी. अडीचला बस येते, मी खाली उभी असते. ती सहाला यायला लागली तर दुपारभर मी भिंतींशी बोलू का? हे मी बोलले नाही, लिहिलं. डायरीचा उपयोग आहे.

शाळेतून प्रोजेक्ट आलंय. बेस्ट आउट ऑफ वेस्ट. घरातल्या कचऱ्यातून वस्तू करायची, बावीस तारखेला प्रदर्शन. मुलांनी स्वतः करायचं. रंजिता म्हणाली, आई, तुम्ही फक्त शेजारी बसा, हात लावू नका. तिचं तिला करू द्या. एवढं जमलं तर क्लासचं नाव काढणार नाही.

मी म्हटलं, सरी, ठीक आहे. शेजारी बसायला काय अक्कल लागते?

निश्चय: हात मागं बांधून बसायचं. तोंडालाही कुलूप.

६ नोव्हेंबर

अडचण. आमच्या घरात कचराच नाही.

सगळं घर शोधलं. दुधाच्या पिशव्या मी धुऊन वाळवते, त्यांत कोथिंबीर राहते. करवंट्यांत रोपं लावलीत. जुन्या साड्या गोधडीत गेल्या. डबे, बरण्या सगळे कामावर. स्मृती म्हणाली, अज्जी, माझ्या वर्गात सगळ्यांच्या घरी कचरा आहे, आपल्याच घरी नाही. आधी मला बरं वाटलं. मग तिचं तोंड बघितलं. पोर अशी बघत होती, जसं काही आपण गरीब आहोत.

काहीतरी करायला पाहिजे. हात न लावता.

७ नोव्हेंबर

कचरा आणायला दुकानात गेले. कोपऱ्यावर महांतेशचं किराणा आहे, आमच्या बाजूचाच, बैलहोंगलचा. रिकाम्या बाटल्या दे म्हटलं. म्हणाला, अक्का, रिकाम्या भंगारवाला नेतो, भरलेल्या आहेत. मग भरलेल्या आणल्या. दोन ऑरेंजच्या, एक फिनेलची.

ऑरेंजची एक स्मृतीनं प्यायली, एक मी. मला अजून ढेकर येतायत, तिला खोकला आलाय. फिनेल वाया कशाला घालवायचं, म्हणून सगळं घर पुसलं, जिना पुसला, समोरच्यांच्या दारापर्यंत नेलं. संध्याकाळी दयानंद दारातच घसरला. उठून नुसता माझ्याकडं बघत राहिला. रंजितानं विचारलं, आज एवढी स्वच्छता कशाला? मी म्हटलं, शुक्रवार आहे.

सामान आणणं म्हणजे हात लावणं नव्हे. हे इथं लिहून ठेवते.

९ नोव्हेंबर, रविवार

स्मृतीनं ठरवलं. लिफ्ट करणार.

मी म्हटलं, लिफ्टमध्ये बघायला काय आहे? पेटी ती पेटी. म्हैसूरचा राजवाडा कर, त्याला घुमट असतात, लोक थांबून बघतात. म्हणाली, नको, लिफ्टच. तुझ्यासाठी. तू आमच्या लिफ्टमध्ये बसत नाहीस ना.

मी चार मजले जिन्यानं चढते ते गुडघे मोकळे राहावेत म्हणून. भीती वगैरे काही नाही. मधेच लाइट जाते, तर माणसानं विचार करायला नको?

ती म्हणाली, या लिफ्टला खिडकी असणार, म्हणजे अज्जीला बाहेरचं दिसेल. आत बसायला स्टूल. दयानंदचे नवे बूट खोक्यात आले होते. ते खोकं मी डाळीच्या पुड्यांसाठी राखून ठेवलेलं, ते दिलं. खोक्यात खोकं, वरून पेन्सिल आडवी, पेन्सिलीवर दोरा. बाटलीच्या झाकणाचं स्टूल. पोरीच्या डोक्यात कुठून येतं कोण जाणे. आमच्याकडचंच असणार.

मी हातांवर बसले होते. खरंच, दोन्ही हात मांडीखाली घेऊन. कात्री वाकडी चालली होती. एकदाच म्हटलं, वाकडं होतंय. मग अजून थोड्या वेळा म्हटलं. बोलणं म्हणजे हात लावणं नव्हे.

११ नोव्हेंबर

ती शाळेत होती. खिडकी फारच वाकडी होती. डावीकडून स्वल्प सरळ केली. मग उजवी बाजू वाकडी दिसायला लागली. ती केली. मग वरची. आता ती खिडकी नाही, दार आहे.

स्मृतीनं आल्या आल्या ओळखलं. अज्जी, खिडकी मोठी झाली? मी म्हटलं, उन्हानं पुठ्ठा फाकतो. ती खोक्याकडं बघत राहिली, मग उन्हाकडं. ऊन तिथं येत नाही.

१२ नोव्हेंबर

स्मृतीनं आपलं दुकान बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या मागं हलवलं. दार आतून लावून घेते. मी दाराबाहेर पाट टाकून बसले. शेजारी बसा म्हणाली होती रंजिता. मध्ये दार असलं म्हणून काय झालं?

आतून गाणं ऐकू येत होतं. शब्द तिचेच होते, चाल काही नव्हती. मी कितीतरी वेळ बसून होते. रंजितानं ऑफिसातून फोन केला, प्रोजेक्ट कसं चाललंय? मी म्हटलं, माझा हातसुद्धा नाही त्यात. खरंच सांगितलं. क्लास गेला म्हणून समजायचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज काय झालं ते लिहायला हवं. लिहिते.

शनिवारी कॉम्प्लेक्समधला सुका कचरा उचलतात. दयानंद-रंजिता स्मृतीला घेऊन बुटांच्या दुकानात गेले होते. मी साफसफाई काढली. मशीनच्या मागं चिकटाचा ढीग. पुठ्ठे, एक मोजा, दोरे, फाटके कागद, ठिकठिकाणी गम. म्हटलं, पोरीनं प्रोजेक्ट उचलून खोलीत नेलं असणार, हे मागं राहिलेलं. बाल्कनी आरशासारखी केली. ढीग खाली दिला.

स्मृती आली, बाल्कनीत गेली, परत आली.

"अज्जी, इथं जे होतं ते कुठंय?"

मी म्हटलं, कचरा होता तो. दिला.

"कचरा नव्हता."

एवढंच बोलली. पाणी प्यायली आणि आत जाऊन पुस्तक उघडून बसली. रडली असती तर समजूत घालता आली असती. न रडणाऱ्या माणसाला काय करायचं?

मी जिन्यानं खाली बेसमेंटला गेले. तिथं धनलक्ष्मी कचरा वेगळा करते. म्हणाली, गाडी गेली अम्मा. दोऱ्याची ती पेटी ना? मी दोनदा ओढून बघितली, छान वर-खाली जात होती. मला वाटलं, पोरांचं खेळून झालं असेल.

म्हणजे चालत होती.

चार मजले चढून आले. रंजिताला सांगितलं नाही. स्मृतीनंही सांगितलं नाही. का, ते मी विचारलं नाही.

१७ नोव्हेंबर

रडत बसणाऱ्यातली मी नाही. दुसरी लिफ्ट होणार, पहिलीपेक्षा चांगली. स्मृतीला म्हटलं, चल करू. म्हणाली, तू कर अज्जी, माझी परवा टेस्ट आहे. बरोबर आहे, अभ्यास आधी. मी फक्त तयारी करून ठेवते. बाकी तिनंच करायचं.

महांतेशकडून बिस्किटांचं मोठं खोकं आणलं. माझ्या हिरव्या साडीचा काठ कापून लावला. साडी तशी चांगली होती, पण आता झाली वेस्ट. आरसे लावले. पडदा लावला. आत गणपती बसवला, एवढ्या उंच जायचं म्हणजे देव पाहिजे.

स्मृती शेजारी बसून पाढे करत होती. मधेच म्हणाली, वाकडं होतंय अज्जी. मी म्हटलं, मध्ये बोलू नकोस, माझं लक्ष जातं.

२१ नोव्हेंबर

तयारी पुरी झाली. म्हणजे तयारी करता करता लिफ्टच पुरी झाली, त्याला मी काय करू? कुठंतरी थांबायचं तर ओबडधोबड दिसलं असतं.

बघायला लग्नाच्या मांडवासारखी. फक्त वर जात नाही. दोरा तुटला. सुतळी लावली, पेन्सिल मोडली. कपडे वाळत घालायची दोरी लावून ओढली तर लिफ्ट जागेवर राहिली आणि बाहेरच्या खोक्याची बिल्डिंग खाली आली. शेवटी दारावर कागद चिकटवला, दुरुस्ती चालू आहे. कानडीत पण लिहिला. आमच्या कॉम्प्लेक्सची लिफ्टसुद्धा महिन्यातून किती दिवस चालते?

स्मृतीनं सगळीकडून बघितली. म्हणाली, खिडकी नाही. मी म्हटलं, आरसे आहेत ना. म्हणाली, आरशात मीच दिसते.

रंजिता ऑफिसातून उशिरा आली. लिफ्ट बघून म्हणाली, हे स्मृतीनं केलं? मी म्हटलं, मी शेजारीच होते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

प्रदर्शन झालं.

गाडीत लिफ्ट माझ्या मांडीवर होती, कुणाला दिली नाही. शाळेत बघितलं तर बाकीच्यांचं काय, बाटलीचं पेनस्टँड, बाटलीचं रॉकेट, बाटलीचा मासा. आमच्या टेबलापाशी गर्दी. एका मुलाच्या आईनं फोटो काढला. मी पदर सारखा केला.

मग मिस आल्या. इंग्लिशमध्ये स्मृतीला विचारलं, हे तू कसं केलंस? स्मृतीनं उत्तर कानडीत दिलं. मला कळावं म्हणून दिलं असेल.

"मिस, हे माझ्या अज्जीनं केलंय. मी हात लावला नाही. नुसती शेजारी बसले होते."

चहाडी नव्हती ती. आवाजात राग नव्हता. उलट, मिसनी मला शाबासकी द्यावी असंच तिच्या तोंडावर होतं. मिस हसल्या. दयानंद टेबलावरचा मासा बघायला लागला. रंजिता हसली नाही.

मिसनी विचारलं, मग तुझं कुठंय? स्मृती म्हणाली, कचऱ्याच्या गाडीत गेलं. आणि मग पोरगी सुटली. हवेतच हातानं सगळं करून दाखवायला लागली. इथं पेन्सिल, इथं दोरा, हा मोजा खाली गादीसारखा, अज्जी पडली तर लागू नये म्हणून. ही खिडकी. मोठी झाली तेव्हा मी तिची गॅलरी केली. बाजूची चार-पाच मुलं रॉकेट सोडून ऐकायला आली. एकानं विचारलं, लाइट गेली तर? म्हणाली, दोरा अज्जीच्या हातात आहे ना, तिची तीच वर येईल.

नसलेल्या लिफ्टभोवती एवढी मुलं. माझ्या लिफ्टवर एकीनं डबा ठेवला होता.

घरी पोरगी एवढं कधी बोलत नाही. घरी मी बोलते, ती ऐकते. चांगली सवय आहे.

जाताना मिस मला म्हणाल्या, अम्मा, छान प्रयत्न. पुढच्या वेळी थोडं साधं ठेवा.

२३ नोव्हेंबर

रंजिता सकाळपासून काही बोलली नाही. बोलली असती तर मला दोन शब्द सुनावता आले असते. भांडी मात्र तिनं घासली, मला घासू दिली नाहीत. ते जास्त लागलं.

दुपारी मीच सांगितलं, त्या आधीच्या शनिवारचं, बाल्कनीचं. म्हटलं, ढीग होता, मी दिला. रंजिता म्हणाली, माहीत आहे आई, स्मृतीनं त्याच दिवशी सांगितलं. म्हणाली होती, अज्जीला ओरडू नकोस, तिला कळलं नाही.

मला कळलं नाही म्हणे. मला सगळं कळतं. मी जरा वेळ बाल्कनीत जाऊन उभी राहिले. ऊन होतं.

दयानंदनं मध्यस्थी केली. क्लास आठवड्याला तीनच दिवस. सोमवार, बुधवार, शुक्रवार. उरलेले चार दिवस पोर माझ्याकडं. म्हणजे हिशेबानं मीच जिंकले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

पहिला दिवस. अडीचला खाली गेले, सवय. बस आली. स्मृतीला क्लासच्या दारापर्यंत सोडलं. आत जायला लागले तर तिथली मॅडम म्हणाली, पालक बाहेर. पालक कोण, मी अज्जी आहे म्हटलं. तरी बाहेर.

दुपारी खूप आराम झाला. किती दिवसांत असा मिळाला नव्हता. तांदूळ निवडले. मग निवडलेलेच परत निवडले.

सहाला आणायला गेले. पोरीचे हात कोपरापर्यंत मातीचे, केसांत माती, तोंड फुललेलं. हातात काही नाही. विचारलं, काय केलंस? म्हणाली, अजून अर्धंच आहे. मग घेऊन का नाही आलीस, मी बघितलं असतं. तिनं माझा हात धरला, तोही मातीचा झाला, आणि अगदी समजावून सांगितलं,

"अर्धं तिथंच ठेवायचं अज्जी. घरी आणलं की ते आपोआप पुरं होतं."

ठेव म्हटलं तिथंच. मला काय करायचंय? मी कुठं कुणाच्या मध्ये पडते.