मुठीतली लोकर

ऑब्रेदादा,

बाबा गेले. हे पत्र पाठवू तरी कुठे? बाबांचा कळप विकून निघालास तेव्हा पत्तासुद्धा ठेवला नाहीस.

शेपर्ड म्हणजे मेंढपाळ. कधीकाळी आपला कुणी खापरपणजोबा इथल्या टेकड्यांवर मेंढ्या राखायचा, त्याच्या कामाचंच आडनाव झालं. आज गावात दर चौथ्या दारावर शेपर्ड आहे आणि मेंढी एकाकडेही नाही. एक शेपर्ड ट्रक चालवतो, दुसरी केस कापते.

बाबांना शवपेटीत ठेवलं तेव्हा शेजारचा म्हातारा एम्ब्रोजकाका ओरडलाच, "अगं विने, मेंढपाळाला मुठीत लोकर देऊन पुरतात, ती कुठंय? जन्मभर रविवारी मेंढ्यांमागे होता, चर्चला कधी आला नाही. देवानं जाब विचारला तर काय दाखवेल हा?"

मी रिकामा मेंढवाडा धुंडाळला. लोकरीचा एक पुंजकाही मिळाला नाही. शेवटी खुंटीवरचा तुझा स्वेटर काढला, आईनं आपल्याच मेंढ्यांच्या लोकरीचा विणलेला. तू गेल्यापासून बाबा त्याला कुणाला हात लावू देत नव्हते. मी त्याची बाही उसवली आणि ती लोकर त्यांच्या मुठीत दिली.

देव त्यांना ओळखेल. आडनाव तुझंही शेपर्डच आहे, दादा. तुझ्या मुठीत काय ठेवायचं?

तुझीच,
विनी