भंडारा ब्रांचमध्ये सगळे खुश आहेत

६ ऑक्टोबर, सोमवार
नागपूर पक्कं. हेड ऑफिसचा मेल आला. डेस्कग्राम कंपनी विदर्भासाठी एक 'आनंद प्रमुख' नेमणार. ज्या ब्रांचचा स्टाफ सगळ्यात खुश, त्या ब्रांचचा माणूस नागपुरात. म्हणजे मीच. आमची कंपनी टेबल, खुर्ची अन् वायफाय भाड्यानं देते, दर महिन्याले नवी ब्रांच उघडते. एवढ्या ब्रांचमध्ये स्टाफले माझ्यासारखा जीव लावणारा मॅनेजर एक दाखवा! टक्कर फक्त तुमसरच्या नीलेशची. तो तर स्टाफचं रक्त पिते म्हणतात. रूपाले सांगतलं. ती म्हणे, पहिले होऊ तर द्या. बायकोले व्हिजन नसते.

७ ऑक्टोबर
मीटिंग घेतली. स्टाफ तीन जणांचा. रिसेप्शनवर तृप्ती, वायफाय अन् सेल्स मोनूकडे, आणि जनरेटर-झाडझूड-चहा केवळराम. सांगतलं, आपण स्टाफ नाही, फॅमिली आहोत. केवळराम म्हणे, मग दिवाळीनंतर कारध्याच्या मंडईची सुट्टी द्या, गावात जत्रा भरते, घरी पाहुणे येतात, दंडारीच्या नाटकात मी सोंग घेतो. मी म्हटलं, फॅमिलीत कोणी सुट्टी मागते का? चहाचे कप उचलून निघून गेला. पटलं त्याले.

९ ऑक्टोबर
तिघांले प्रमोशन. तृप्ती 'प्रथम स्वागत अधिकारी', मोनू 'विस्तार संचालक', केवळराम 'ऊर्जा व स्वच्छता प्रमुख'. पगार तोच. पगारानं माणूस खुश होत नाही असं मॅनेजमेंटच्या पुस्तकात आहे. (बाराव्या पानापर्यंत वाचलं.) नव्या पाट्या लावल्या. केवळराम स्वतःची पाटी पुसून राहिला होता. डोळे भरून आले असतील, पाठमोरा होता म्हणून दिसलं नाही.

१३ ऑक्टोबर
हेड ऑफिसले गर्दीचा फोटो पाहिजे, आत्ताच्या आत्ता. आमच्याकडं गिऱ्हाईक चार, त्यातला एक नुसता एसीसाठी येते. तृप्तीचा मामा, मोनूचे दोस्त, केवळरामचं अख्खं सासर बोलावलं. बंद पडलेले लॅपटॉप समोर ठेवून बसवले. केवळरामच्या सासऱ्यानं लॅपटॉप उलटा धरला, तेवढा कापला फोटोतून. तृप्ती म्हणे, सर, हे खोटं नाही का? मी म्हटलं, खोटं नाही, ॲडव्हान्समध्ये खरं आहे.

१७ ऑक्टोबर
आनंद सर्व्हे. निनावी. कोणी चुकून नाव टाकू नये म्हणून प्रत्येकाच्या मागं उभा राहिलो. मोनूनं चार मार्क टाकले होते. मी फक्त खाकरलो. त्यानं स्वतःहून दहा केले. तिघांचेही दहापैकी दहा! असं प्रेम विकत भेटत नाही.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
तृप्तीले संध्याकाळपर्यंत थांबवलं. गिऱ्हाईक आलं नाही, पण आलं असतं तर? तिचा भाऊ खाली गाडीवर बसून होता. तिनं दोनदा विचारलं, जाऊ का. मी म्हटलं, भाऊ दरवर्षी आहे, कंपनीची वाढ एकदाच असते. भावाले वर बोलावून पाणी दिलं. आपल्याले माणुसकी आहे.

२५ ऑक्टोबर
घोळ झाला. हेड ऑफिसच्या अपेक्षा मॅडम मंगळवारी येऊन राहिल्या. म्हणे, दहापैकी दहा देणारा स्टाफ पाहायचाच आहे, तोही ऑफिसबाहेर, मोकळेपणी. अन् मंगळवारीच कारध्याची मंडई! पण मी काही कच्चा खेळाडू नाही. तिघांले सुट्टी जाहीर केली. मॅडमले सरळ मंडईतच नेतो. केवळरामले फोन करून सांगतलं. तो म्हणे, सर, तुम्ही नाही आले तरी चालते. किती संकोची माणूस!

२८ ऑक्टोबर, मंगळवार
जिंकलो!! पूल ओलांडून मॅडमले घेऊन कारध्याले पोहोचलो. पाळणे, जिलेबी, पोंगे, सगळं गाव रस्त्यावर. दुपारी दंडार सुरू झाली. केवळराम साहेबाच्या सोंगात. गळ्यात टाय, दोन्ही कानांले दोन मोबाईल. काय काम केलं लेकाचं! साहेब झाडूवाल्याले पाटी देते, म्हणते, आता तू झाडूचा राजा झाला, राजा कधी पगार मागते का? म्हाताऱ्यांले बंद लॅपटॉपसमोर बसवते. साडी नेसलेला एक गडी रिसेप्शनची पोरगी झाला होता. ती रडते, भाऊ वाट पाहून राहिला म्हणते. साहेब ओरडते, गिऱ्हाईक आलं तर?

मी पोट धरून हसलो. डोळ्यांतून पाणी. मॅडमले सांगतलं, हा हुबेहूब आमचा तुमसरचा नीलेश! असेच लोक कंपनीले पोखरतात. मॅडम दंडारीकडं कमी अन् माझ्याकडं जास्त पाहत होत्या. म्हणे, तुमसरले रिसेप्शनवर मुलगी आहे का? मी म्हटलं, नाही, पण लिहिणाऱ्याले थोडी सूट द्यावी लागते.

मग राहवलं नाही. वर चढलो, माईक घेतला, कंपनीतर्फे बक्षीस जाहीर केलं. सांगतलं, असा साहेब कोणाच्या नशिबी येऊ नये. अख्ख्या गावानं शिट्ट्या मारल्या, टाळ्या थांबेचनात. केवळरामनं मान खाली घातली, वर काढलीच नाही. संवाद तृप्तीनं लिहिले म्हणे. एवढी हुशार पोरगी, ऑफिसात कधी तोंड उघडत नाही. काहून ते समजत नाही.

३ नोव्हेंबर
मॅडमले मेल केला, ही दंडार सगळ्या ब्रांचमध्ये दाखवा, नीलेशसारख्यांचे डोळे उघडतील. लगेच उत्तर आलं. त्यांच्याही मनात तेच आहे म्हणे. आता काय राहिलं? सासऱ्यांले फोन करून नागपूरची बातमी देऊन टाकली. रूपाले बॅगा काढायले लावल्या. आई म्हणे, वीरेंद्र, मी नाही येत, माझ्या अधू डोळ्यांले इथलाच रस्ता पाठ आहे.

७ नोव्हेंबर
मेल आला. आनंद प्रमुख: तृप्ती.
तीनदा वाचला. टायपिंग मिस्टेक असेल म्हणून मॅडमले फोन केला. म्हणे, चूक नाही. असा साहेब कोणाच्या नशिबी येऊ नये हे तुम्हीच माईकवर बोलले, आता तृप्ती त्याच कामाले लागणार. तिच्या ट्रेनिंगची पहिली बॅच सोमवारी, त्यात माझं नाव. नीलेशचं नाही. सरळ सरळ पार्शालिटी! आता सासऱ्यांले काय सांगू?

९ नोव्हेंबर, रविवार
बाजारातून आलो. दारात चप्पल काढून राहिलो होतो. आत रूपा मोबाईलवर दंडारीचा व्हिडिओ पाहत होती, गावच्या ग्रुपवर आला म्हणे. केवळरामचा साहेब जोरात ओरडला. आईले मोबाईल दिसत नाही, ती स्वयंपाकघरातून म्हणाली, वीरेंद्र, काहून अडवून ठेवलं रे त्या पोरीले? सणाचं घरी जाऊ दे ना तिले.
रूपानं व्हिडिओ बंद केला. आई म्हणे, हां, आता कसा चूप बसला.
रूपानं मले दारात पाहिलं. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.
मी आईले हाक मारली नाही. लाज वाटली, लयच वाटली. चप्पल परत पायात घातली अन् दूध आणतो म्हणून निघालो. दुधाची पिशवी माझ्या हातातच होती.