रविवारचा कंबर-वर्ग

६ नोव्हेंबर १९७८, सोमवार
कंबरेसाठी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जाऊन आलो. बायको, मालन, बरोबर होती. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि म्हणाले, हाडात काही नाही, व्यायाम करा. दोन वर्षं दुखतंय आणि म्हणे काही नाही.

खाली व्यायाम शिकवणारी मुलगी आपल्या जवळच्या पापडी गावचीच निघाली. पॉलिन. तिचे वडील आमच्याच ऑफिसात माझ्या हाताखाली होते. तिनं चटई दाखवली. काका, आडवे व्हा, गुडघे उभे करा. ओळखीच्या माणसाच्या पोरीसमोर हेडक्लार्कनं जमिनीवर पाय वर करून पडायचं? मालनला म्हटलं, तू झोप माझ्या जागी, मी लिहून घेतो. पॉलिनचं म्हणणं, लिहून नेलेला व्यायाम घरी होत नाही, इथं करून दाखवावा लागतो. वय लहान आहे, कळेल हळूहळू.

तिनं दोनच सांगितले. शेजारच्या पेशंटांचे पाच मी बघून टिपले. एकूण सात. पंधरा दिवसांनी पुन्हा दाखवायला बोलावलंय. गरज वाटत नाही.

१२ नोव्हेंबर, रविवार
आमच्या मुलीचं, चंद्राचं लग्न पक्कं झालं. १८ फेब्रुवारी, आपल्याच अंगणात. विठ्ठलनं, म्हणजे धाकट्या भावानं, पेढा तोंडात असतानाच विचारलं, दादा, पाटावर दोन तास मांडी घालून बसवेल का? नाहीतर कन्यादानाला मी आणि विमला बसतो. साफ सांगितलं, माझ्या मुलीचं कन्यादान मी करणार. एकुलती एक पोर. जन्मली तेव्हापासून हा दिवस डोळ्यांसमोर आहे.

तीन महिने हातात आहेत. भरपूर. उद्या पहाटे पाचपासून व्यायाम. रोज. खंड नाही.

१३ नोव्हेंबर
फरशी फार गार. आधी थिअरी पक्की करावी हे बरं.

२० नोव्हेंबर
उत्तम कल्पना सुचली. शिकवलं की विषय पक्का होतो. आमच्या निर्मळ गावात कंबर न दुखणारा माणूस शोधून सापडणार नाही. कुणी केळीचे घड उचलतो, कुणी ओणवी होऊन फुलं खुडते. दर रविवारी चर्चमधला मिस्सा सुटल्यावर, दहा वाजता, आमच्या अंगणात कंबर-वर्ग. हजेरीपट आखला. सातही व्यायाम ऑफिसात सायक्लोस्टाइल करून घेतले. मालन मध्येच काहीतरी सांगत होती, रेषा वाकडी आली.

२६ नोव्हेंबर
पहिला वर्ग. हजर अकरा. विषय: मणक्याची रचना. शेजारच्या सॅन्टनच्या वाडीतून केळीच्या घडाचा रिकामा दांडा आणवला. फण्यांच्या खुणा म्हणजे मणके असं समजावलं. सव्वा तास बोललो. सॅन्टननं विचारलं, आत्मारामभाऊ, ते ठीक हाय, पण आमी आडवं कदी व्हायचं? या लोकांना पायाच नको, थेट कळस पाहिजे.

संध्याकाळी कंबर धरली. उभं राहिल्यामुळे.

१० डिसेंबर
हजर सात. विषय: चुकीच्या सवयी. वर्गातल्या श्रीपतला पुढे बोलावून, कसं वाकू नये ते त्याच्याकडूनच करून दाखवलं. तो तसाच राहिला. दोघांनी धरून घरी नेला. मुद्दा मात्र सगळ्यांच्या मनावर ठसला.

स्वतःचे व्यायाम अजून सुरू नाहीत. वर्गाची तयारीच इतकी असते.

२४ डिसेंबर
हजर दोन. नाताळ.

७ जानेवारी १९७९
हजर तीन. पैकी श्रीपत भांडायला आला होता, पण आला म्हणून हजेरी लावली.

वर्ग चालू असताना मागून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. जाऊन पाहतो तर विहिरीपलीकडे चटया अंथरलेल्या आणि मालन शिकवतेय. सहा बायका. सांगते कमी, करून घेते जास्त. एकीनं करायचं, दुसरीनं तिच्या कंबरेखाली हात घालून बघायचं. व्यायाम दोनच. पाय किती वेळ धरायचा? फुलवाली अँजेलिना म्हणाली, एक नमो मारिया म्हणून होईस्तोवर. मनगटावर घड्याळ असलेला मनुष्य वीस पावलांवर उभा असताना. अगदी अशास्त्रीय.

मालनला विचारलं, हे कुठे शिकलीस? हॉस्पिटलात, तुम्ही लिहीत होता तेव्हा, म्हणाली. तिचीही कंबर भरून येते म्हणे फुलं खुडून. मला माहीत नव्हतं. पंधरा दिवसांनी पापडीला पॉलिनच्या घरी जाऊन तिला करून दाखवून, चुका सुधारूनही आली. मला सांगितलं नाही म्हणून रागावलो. सांगितलं होतं म्हणे, मी हजेरीपट आखत होतो.

२१ जानेवारी
हजर शून्य. सॅन्टनही तिकडेच. बायकांत नको म्हणून केळींच्या रांगेपलीकडे एकटा आडवा पडतो आणि मालनचा आवाज ऐकून करतो.

अँजेलिना अंगणातून जाताना थांबली. म्हणाली, भाऊ, चार वर्सांनी आज भिंत धरल्याबिगर उठले बघा, मालनबायचे लय उपकार. मी मनात म्हटलं, पाया कुणी घातला? हे बोलून दाखवणं बरं नाही. मी दिलेल्या कागदात ती फुलांच्या पुड्या बांधते.

४ फेब्रुवारी
मालन म्हणाली, पाटाऐवजी चौरंग ठेवू, पाय सोडून बसता येईल, भटजींना विचारलंय, त्यांची हरकत नाही. नको म्हटलं. व्याह्यांसमोर म्हातारा दिसेन. मग म्हणाली, चौदा दिवस आहेत, रोज दोनच करा, मी बसते जवळ. शिकवणाऱ्यानं घरी विद्यार्थी व्हायचं? म्हटलं, माझं मी बघतो.

बघितलं. मांडी घालून नऊ मिनिटं बसलो. रोज दहा मिनिटं वाढवली की अठरा तारखेला दोन तासांच्या वर जातो. गणित सोपं आहे.

१३ फेब्रुवारी
सहा मिनिटं. मांडवाची दगदग.

१७ फेब्रुवारी, शनिवार
विठ्ठलनं शेवटचं विचारलं. शेवटचं नाही म्हटलं. कंबरेला पंचा करकचून बांधणार, वर सोवळं. कुणाला कळणार नाही. मालन रात्रीच्या स्वयंपाकाचं बघतेय, माझ्याशी कामापुरतंच बोलते. मुलीचं लग्न म्हटलं की आईचं असंच होतं.

१९ फेब्रुवारी, सोमवार. पडल्या पडल्या
काल पाटावर बसलो. पंधरा मिनिटं छान गेली. मग पाणी सोडायला भटजींनी पुढे वाकायला सांगितलं. वाकलो. त्यानंतर सरळ होता येईना. चौघांनी उचललं. पाटासकट उचललं असं श्रीपत सांगत फिरतोय, ते खरं नसावं. आतल्या खोलीत निजवलं. पाटावर विठ्ठल आणि विमला बसले.

जोडपंच लागतं, म्हणून मालनलाही उठावं लागलं. ती चार तास बसली असती. हे मला आत आणून टाकल्यावर सुचलं, आधी नाही.

मंगलाष्टकं भिंतीतून नीट ऐकू आली.

निघताना चंद्रा आत आली आणि नमस्काराला वाकली. विमलानं तिचा दंड धरला. निजलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत. दादा, एवढं क्षणभर उठून बसा, सगळे म्हणाले. कोपरं टेकली. जोर केला. पुन्हा केला. खोलीभर माणसं वाट बघत होती. नाही जमलं. चंद्रानं सगळ्यांना नमस्कार केला, दारातल्या अँजेलिनालासुद्धा. मला नाही. माझा हात धरून नुसती उभी राहिली. बाहेर गाडी थांबली होती, गेली.

मी रडलो. कंबरेमुळे नाही.

२० फेब्रुवारी
चंद्रा आणि जावई गुरुवारी पाचपरतावनाला माहेरी येणार. मालनला म्हटलं, मला शिकव. मी चहा मागतोय असं वाटल्यासारखी बघत राहिली. मग चटई आणली. माझे गुडघे उभे केले, कंबरेखाली हात घातला आणि म्हणाली, हा हात हळूच दाबा, श्वास कोंडू नका. हा क्रमांक एक. फारच सोपा म्हणून वर्गात मी तो वगळला होता.

जमला नाही. तिनं हात काढला नाही. पुन्हा म्हणाली.

२१ फेब्रुवारी
सकाळी पाच वेळा, संध्याकाळी पाच. कुशीवर वळून उठायचं असतं, सरळ नाही. हॉस्पिटलात टिपून घेतलेल्यात हे नाही.

२२ फेब्रुवारी, गुरुवार
चंद्रा आली. मी पलंगावर उठून बसलेला होतो. ती वाकली, पाया पडली, मी डोक्यावर हात ठेवला. पाठीमागून मालननं मला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं. पोरीच्या ते लक्षात आलं नसावं.