कासवीण माहेरी येते

आई, तुला खापरपणती झाली. माझ्या थोरल्याच्या लेकीला मुलगी झाली, डोक्यावर केस एवढे की पहिल्याच दिवशी वेणी घालावी. मी तिला मोबाइलवर पाहिली. मोबाइल म्हणजे कसं सांगू तुला, तू गेलीस तेव्हा गल्लीत एकच फोन होता आणि तोही आपला नव्हता. आता मी गंगापूर रोडच्या घरात सोफ्यावर बसून पणतीची जांभई बघते. बातमी आली त्या दिवशी इतका आनंद झाला की शेजारच्या बाईंना दोनदा पेढे देऊन आले, त्या म्हणाल्या, आजी, सकाळीच दिले होते तुम्ही. म्हटलं, खा की मग. पण आई, आनंदात एक खडा लागतोय दाताखाली, तोच तुला सांगायला बसलेय. माझं अक्षर तिसरीतलंच राहिलंय, जुळवून वाच.

बाळ इथं नाही झालं. त्रिनिदादला झालं. तो देश कुठं आहे ते मला नातीनं भाकरीच्या पिठावर बोटानं काढून दाखवलं होतं, जायच्या आधी. हा एवढा समुद्र, ही अमेरिका, आणि हा पिठाचा ठिपका तो त्रिनिदाद. मी म्हटलं, पुसला तर? ती हसली. प्राण्यांचं शिक्षण घेतलेली ती, तिथं कासवं राखायच्या कामाला गेली आणि तिथल्याच कासवं राखणाऱ्या मुलाशी लग्न करून बसली. नातजावई चांगला आहे, भात हातानं खातो. त्याच्या घरी त्याची म्हातारी आजी आहे, बापाची आई. तिलाही तिथं आजीच म्हणतात. ती लोकं मूळची आपल्याकडचीच ना, म्हणून तो शब्द राहिलाय. बाकी बोलणं सगळं इंग्रजी, पण वांग्याला बैंगन म्हणतात आणि चुलीला चुल्हा. एकदा फोनवर मी ऐकलं, आपली पोर आतल्या खोलीकडं तोंड करून हाक मारत होती, "आजी, ए आजी!" मी इथून म्हटलं, "अगं इथंच आहे." ती म्हणाली, "तू नाही गं." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तेव्हापासून मी त्या बेटाचं काही चांगलं ऐकायचं नाही असं ठरवलं. पण पोर सांगायची थांबते का? तिथं म्हणे डांबराचा तलाव आहे, जमिनीतून आपोआप येतं डांबर, माणसं वरून चालतात. मी म्हटलं, आमच्याकडंही उन्हाळ्यात रस्ता वितळतो. तिथं कोकोच्या बागा आहेत आणि वरून सावलीला मोठी झाडं, आपल्या पांगाऱ्याच्या जातीची, फुलं केशरी. लोक त्या झाडाला कोकोची आई म्हणतात. हे मला आवडलं, पण मी बोलले नाही. मग शराटी पक्षी. आपल्या नांदूरमधमेश्वरच्या पाण्यावर येतात त्या काळ्यापांढऱ्या, तिथल्या लालभडक, कुंकवात बुडवून काढल्यासारख्या. संध्याकाळी खाडीतल्या झाडांवर येऊन बसल्या की अख्खं झाड लाल. पिल्लं मात्र मातकट असतात. खेकडे-झिंगे खाऊन खाऊन त्यांना तो रंग चढतो. हे ऐकून मला धडकीच भरली, कारण आपली पोर किती वर्षं त्या म्हातारीच्या हातचं खातेय.

पोरीला दिवस गेले तेव्हा मी लगेच सांगून टाकलं, सातव्यात इकडं यायचं. पहिलं बाळंतपण माहेरी. सूनबाई म्हणाली, "आई, तिथंही दवाखाने आहेत." म्हटलं, दवाखाने असतील, माहेर आहे का? मला नुसतं बाळंतपण नको होतं गं. या वयात गुडघे टेकता येत नाहीत, पण भिंतीला टेकून पाय पसरले की पायांवर बाळ मावतं. तेवढंच हवं होतं, माझ्या पायांवर तेल लावलेलं बाळ. तू मला येवल्याहून न्यायला आली होतीस ते आठवतं? सासऱ्यांचे हातमाग खटखट करतायत, तू ओसरीवर चहा न घेता बसलेली, गाडी चुकेल म्हणून. मग इगतपुरीचा तो पाऊस, महिनाभर ऊन नाही. तू शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर दुपटी वाळवतेस, खोलीत ओव्याचा धूर, आणि मी खाटेवर पडल्या पडल्या म्हणते, सासूबाई हुलग्याचं कढण फार छान करतात. तू वाटी खाली ठेवलीस. "मग तिकडंच बाळंत व्हायचं होतंस. इथं कशाला आलीस भिजत?" दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीस, बाळाशी मात्र मला ऐकू जाईल असं बोलायचीस. "तुझ्या आईला सांग, कढण निवतंय." तेव्हा मी मनात हसले होते. आता हसू येत नाही, आता मी त्या वाटीच्या तुझ्या बाजूला बसलेय.

पोर आली नाही. डॉक्टर नको म्हणाले प्रवास, आणि कासवांचा हंगाम होता. त्या कासवांचं ऐक तू. बैलाएवढी मोठी, पाठीला कवच नाही, चामडं. कुठं कुठं थंड समुद्रात हिंडतात, वर्षं काढतात, आणि अंडी घालायच्या वेळी ज्या किनाऱ्यावर स्वतः जन्मली तिकडंच येतात. हजारो कोस पोहून. वाळू उकरतात, डोळ्यांतून पाणी गळत असतं, पोर म्हणते ते मीठ बाहेर टाकतात, मी म्हणते माहेरी आल्यावर कुणाचंही गळेल. पूर्वी गावातले लोक त्यांना मारून खायचे, आता तेच लोक राखतात. हे ऐकल्यावर मी तिला फोनवर बोललेच, "बैलाएवढं जनावर समुद्र ओलांडून माहेरी येतंय आणि तू त्याची राखण करतेस. तुला नाही सुचत?" ती म्हणाली, "आजी, कासवीण अंडी घालून लगेच निघून जाते गं. पिल्लांना बघतसुद्धा नाही." आई, उत्तर द्यायला ही पोर तुझ्यावर गेलीय.

सूनबाई रजा काढून महिनाभर जाऊन आली. परत आली ती त्या म्हातारीचंच गुणगान करत. "मला कशाला हातसुद्धा लावू दिला नाही त्यांनी. मालिश, आंघोळ, सगळं." मी विचारलं, शेक दिला का? दिला म्हणे. सहाव्या दिवशी पूजा केली का? केली, त्यांच्यात छठी म्हणतात. एखादी तरी गोष्ट चुकावी ना माणसाची. मी रोज व्हिडिओवर नजर ठेवून असायचे. एकदा सापडलंच. म्हटलं, "तिला सांग, मानेखाली हात असा नाही धरत." पोरीनं इंग्रजीत सांगितलं, म्हातारी हसून काहीतरी बोलली. "काय म्हणते?" "म्हणतात, मी सात जणांना असंच वाढवलं, पण तुम्ही म्हणता तर असं धरते." आणि धरलंही तसं. अशा बाईशी भांडायचं कसं?

मग गेल्या आठवड्यात बाळ झोपलं होतं आणि ती म्हातारी रिकाम्या हातानं पडद्यासमोर बसली, पोर शेजारी, सांगायला. तिनं मला विचारलं, तुमचं माहेर कुठलं? मी म्हटलं इगतपुरी, घाटमाथ्यावर, वडील रेल्वेत. सासर येवलं. आता नाशिक. धडाधड सांगितलं, आपल्याला काय विचार करावा लागतो? ती ऐकत राहिली. मग सावकाश बोलत गेली आणि पोर मराठीत सांगत गेली. गोऱ्यांनी आधी आफ्रिकेतली माणसं गुलाम करून उसात राबवली. ती सुटली, मग ऊस तोडायला हात हवे होते, म्हणून कलकत्त्याहून जहाजं भरून आपली माणसं नेली, पाच वर्षांच्या बोलीवर. तिची पणजी त्यात होती, पोटुशी. परत फिरायचं राहूनच गेलं. गावाचं नाव तिनं लेकीला सांगितलं असेल, लेकीनं नातीला, कुठंतरी सांडलं. "म्हातारपणी पणजी किनाऱ्यावर बसून हात करायची, माझं माहेर तिकडं. पण हात दर वेळी वेगळ्या दिशेला," असं म्हणाली. आणि पुढं, "मला या कासवांचा हेवा वाटतो. आणि खरं सांगू का, तुमचाही. तुम्ही इगतपुरी म्हणता आणि ती असते."

मी एवढे महिने जळतेय आणि ही माझ्यावर जळतेय. तोंडातून निघून गेलं, "अगं मग ये की इकडं. हेच तुझं माहेर समज. माहेरवाशीण म्हणून ये, ओटी भरून पाठवते." पोरीनं सांगितलं. म्हातारीनं पदर नव्हता म्हणून झग्याच्या बाहीनं डोळे पुसले. आपण बोलतो तसं बोलायचं म्हणून बोलले होते मी, दारात भेटलेल्या बाईला जेवून जा म्हणतो तसं. तिथं असं बोलत नसावेत. दोन दिवसांत फोन आला, थंडीत येतायत, सगळी. बाळासकट. त्या आजीनं लोकरीची टोपीसुद्धा घेतली.

इथं सगळे माझं कौतुक करतायत. सूनबाई म्हणते, आई, तुमचं मन मोठं. तू तरी फसू नकोस. ये म्हणताना विचार नव्हता केला, पण येतायत कळल्याबरोबर मी पाहिलं ते एवढंच, की म्हातारी येणार म्हणजे बाळ येणार. तिच्यासाठी येवल्याची पैठणी घ्यायचं चाललंय, मी म्हटलं साधी घ्या.

आणि काल झोपताना दुसरंच ध्यानात आलं. माहेर दिलं म्हणजे पाठवणीही माझ्याकडंच आली. ओटी मी भरायची आणि तिच्या मांडीवरचं बाळ तिच्याबरोबर जाऊ द्यायचं. तू मला गाडीत बसवून, बाळ माझ्या हातात देऊन, गाडी हलायच्या आत पाठ फिरवून चालू लागायचीस. मला वाटायचं, हिला घाईच झालीय आपल्याला घालवायची. ते तुला कसं जमायचं, हे विचारायला खरं तर लिहायला बसले होते. टपालानं जायचं नाही हे, कुठं पाठवणार. पण तोपर्यंत मी एक केलंय, त्यांची परतीची तारीख मी अजून कुणाला विचारलेली नाही.