एक जागा वर

३ मार्च

माफी मागूनच सुरुवात करते. सात महिन्यांत या वहीत एक ओळ लिहिली नाही. जुनी विमान कंपनी बुडाली तेव्हा मनात जे होतं ते कागदावर उतरवायची लाज वाटली, आणि पुढे नोकरीचे अर्ज लिहून लिहून लिहिण्याचाच वीट आला. आता बरं चाललं आहे, म्हणून वही आठवली. हा माझा जुना दोष.

नोकरी लागली. अकरा वर्षं कॅप्टन म्हणून डाव्या खुर्चीत बसलेली मी चव्वेचाळिसाव्या वर्षी परत उजव्या खुर्चीत, को-पायलट. धाकटी बहीण फोनवर म्हणाली, ताई, पुन्हा पहिलीत नाव घातलंस की. मागून आईचा आवाज आला, दप्तर तरी नवं घे म्हणावं.

खोली छान आहे. विमानतळापासून चालत वीस मिनिटं, दुसरा मजला, खाली चाव्या करून देणाऱ्याचं दुकान. दिवसा झोपता यावं म्हणून जाड पडदे आणले आणि स्वतःच लावले. एक बाजू दोन बोटं खाली आली आहे. उद्या नीट करीन.

युनियनच्या खोलीत चिटणिसांनी फलक दाखवला. भिंतीवर काचेचं कपाट, त्याला कुलूप, आत एकाखाली एक लाकडी खाचा आणि प्रत्येक खाचेत नावाची पितळी पट्टी. एकसष्ट पायलट, एकसष्ट पट्ट्या. जो ज्या दिवशी रुजू झाला त्यावर त्याचा नंबर. चिटणीस म्हणाले, इथे वशिला नाही, साहेबाची मर्जी नाही. सुट्ट्या एक नंबरवाला मागेल त्या त्याला, मग दुसऱ्याला, उरेल ते शेवटच्याला. आणि मधला कोणी गेला, तर रोस्टरमधली त्याची महिन्याची ओळ, कामासकट आणि सुट्ट्यांसकट, लगेच खालच्याला. यासाठी आम्ही सत्तावीस दिवस संप केला आहे, बाई. यादीला हात लावायचा नाही.

मला हे आवडलं. जुन्या कंपनीत साहेबाच्या मर्जीवर काय काय चालायचं ते पाहिलं आहे. माझी पट्टी तळाला, एकसष्ट. नवी, म्हणून सगळ्यांत जास्त चमकणारी.

९ मार्च

उरेल ते शेवटच्याला, म्हणजे काय ते कळलं. सलग सहा दिवस पहाटे पाचची हजेरी, एक दिवस सुट्टी, मग स्टँडबाय. स्टँडबाय म्हणजे गणवेश इस्त्री करून टांगायचा आणि घरात बसायचं; फोन आला की नव्वद मिनिटांत हजर. अंघोळीलासुद्धा फोन घेऊन जाते. तास मोजले तर सगळं नियमात बसतं. रोस्टर बनवणाऱ्या कारकुनाला सगळे विधाता म्हणतात. त्याला थकव्याबद्दल विचारलं तर म्हणाला, मॅडम, माझ्या तक्त्यात तासांना रकाना आहे, थकव्याला नाही.

माणसं मात्र चांगली. माझ्या लगेच वर, साठ नंबरला, गवय्या. उड्डाणाआधीच्या तपासणीची यादीसुद्धा चालीवर म्हणतो. त्याच्यावर जुळ्यांचा बाप. त्याच्या फोनमध्ये दोन मुलींशिवाय दुसरा फोटो नाही. त्याच्यावर, अठ्ठावन्नला, मास्तर. पायलट होण्याआधी शाळेत गणित शिकवायचे.

पुढच्या महिन्याच्या सुट्ट्यांचे अर्ज उद्यापर्यंत द्यायचे आहेत. मी एकच दिवस मागितला, १२ एप्रिल. आईला पंचाहत्तर पुरी होतात. मास्तरांनी खांद्यावरून अर्ज वाचला आणि हळूच म्हणाले, ताई, मागू नका. कशाला मनाला लावून घेता.

२० मार्च

रोस्टर लागलं. बारा तारखेला माझी चार उड्डाणं. गवय्याला नेमका तोच दिवस मोकळा. बदली करतोस का विचारलं, तर हात जोडून म्हणाला, ताई, त्या दिवशी आमचा गाण्याचा कार्यक्रम. जीव मागा, बारा तारीख नको.

सगळे हसले, मीही. पण मला ती तारीख हवी होती. या वयात लहान मुलासारखं लिहू नये, तरी लिहिते. हवी होती.

२२ मार्च

सकाळी साडेसहाला युनियनच्या खोलीत डोकावले. माझी पट्टी एकसष्टवर नव्हती. साठवर होती. गवय्याची पट्टी कुठेच नव्हती. काच बंद, कुलूप जागच्या जागी. कोणीतरी थट्टा केली असेल असं समजून मी कामाला गेले.

सव्वाअकराला गवय्या विमानाचा जिना उतरताना कठड्याला धरून खाली बसला. डावा कान एकाएकी बंद झाला, जमीन फिरायला लागली. दुपारी विधात्याचा फोन: गवय्याची ओळ तुमच्याकडे आली, बारा तारीख मोकळी.

पट्टी कोणी हलवली, असं मी चिटणिसांना विचारलं. म्हणाले, कपाट उघडायलाच निघालो होतो, बाई. तुम्हाला कोणी सांगितलं?

साडेसहा आणि सव्वाअकरा. दोन्ही वेळा इथे लिहून ठेवते. पहाटे उठणाऱ्याचे डोळे काहीही दाखवतात हेही लिहून ठेवते.

१३ एप्रिल

काल आईकडे होते. तिने नवी साडी नेसली, केक कापला आणि पहिला तुकडा धाकटीला दिला. मी तोंड वाकडं केलं तर म्हणाली, तू उशिरा आलीस. सहा वर्षांनी तिच्या वाढदिवसाला मी घरी होते.

परतताना गवय्याला भेटले. कान गेला तो गेला. वैद्यकीय दाखला रद्द, म्हणजे उडणं संपलं. तो म्हणाला, सूर एकाच बाजूने लागतो आता. मी त्याच्या सुट्टीवर जाऊन आले हे त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

३० एप्रिल

आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. परवा, २ मेला शस्त्रक्रिया. माझी ओळ: एक ते सहा मे, रोज पहाटे पाच. विधात्याकडे तीनदा गेले. सुट्टीवर फक्त जुळ्यांचा बाप आहे, दोन ते चार. तो सलग पाचव्या दिवशी पहाटे उठलेला, उद्याचा एक बाकी. डोळे लाल. म्हणाला, ताई, तुम्हाला नाही कसं म्हणू, पण मी पडलो तर उठणार नाही इतका दमलोय. मी आग्रह केला नाही.

आग्रह केला नाही. पण खोलीवर येऊन, पडदा ओढून, मनातल्या मनात काय म्हणत होते ते मला माहीत आहे.

१ मे

दुपारी दोनला उतरले. माझी पट्टी एकोणसाठवर.

काचेवर हात ठेवून उभी राहिले. किल्ली चिटणिसांकडे आणि चिटणीस चार दिवस परगावी. जुळ्यांच्या बापाला फोन लावला. काम संपवून तो घरी निघाला होता. फोन वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला. मी तरी काय सांगणार होते?

संध्याकाळी सहाला कळलं. गाडी चालवताना डोळा लागला. दुभाजकावर —

ओळ माझ्याकडे. दोन ते चार मे मोकळे. विधात्याने विचारलं, घेणार ना? मी हो म्हटलं.

७ मे

आई सुखरूप आहे. चालायची चौकट धरून चार पावलं टाकते. मी तिचा हात धरला होता तेव्हा दोन मुली कुठेतरी —

स्वतःला रोज तेच सांगते. यादीच्या तळाला झोप कमी, म्हणून माणसं तळालाच पडतात. यात अघोरी काही नाही, रोस्टर आहे. थकव्याची तक्रार रीतसर भरून दिली. उत्तर आलं: सर्व तास मर्यादेत.

मास्तरांना पट्ट्यांचं सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. कप खाली ठेवला. मग म्हणाले, आठ वर्षांपूर्वी ते शेवटचे होते. मुलाच्या लग्नाचा दिवस मागितला, मिळाला नाही. त्यांच्यावरच्या माणसाला तो दिवस मोकळा होता. लग्नाला ते गेले. तेव्हापासून त्यांनी एकही सुट्टी मागितलेली नाही. मागायची नाही आणि मनातही आणायची नाही, ताई. मनात आणायची नाही हेच खरं काम.

आता माझ्या लगेच वर मास्तर आहेत.

१२ मे

काही नको. पंखा नको, झोप नको, घर नको. असं पुटपुटत दिवस काढते. एखादी गोष्ट हवीशी न वाटू देणं म्हणजे केवढे कष्ट. धाकटी विचारते, आईला भेटायला कधी येतेस. मी म्हणते, रोस्टर सांगेल तेव्हा. ती म्हणाली, माणूस आहेस की यंत्र? आई —

नाही. लिहायचं नाही.

१६ मे

माझ्या खाली एक आली. साठ नंबर. तिशीची असेल, हसरी. सगळ्यांना बाळाचे फोटो दाखवले. तिची पट्टी माझ्याखाली चमकते आहे.

आता तिला काही हवं झालं, तर तिच्या लगेच वर मी. हा विचार मी आधी कसा केला नाही?

२० मे

जूनचं रोस्टर लागलं. नवीच्या बाळाचा पहिला वाढदिवस ९ जूनला. तिला त्या दिवशी दुपारची पाळी.

९ जून मला मोकळा आहे.

२१ मे

विधात्याकडे गेले. माझी नऊ तारीख तिला द्या, तिची पाळी मी करते. त्याने तक्ता उघडला, बोट फिरवलं. तिची पाळी रात्री नऊला सुटते, माझी दहा तारखेची हजेरी पहाटे पाच. मध्ये आठ तास. नियम बारा तासांच्या विश्रांतीचा. मग दहा तारखेला दुसरं कोणी लावा, म्हटलं. म्हणाला, कोण? दोघे गेलेत, स्टँडबाय उरलंय कुठे.

चिटणिसांचे पाय धरायचे बाकी ठेवले. ते चिडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, बाई, ही विश्रांती तुमच्यासाठीच आहे. सत्तावीस दिवस —

२७ मे

नवीला गाठलं. बाळाला कळतं तरी का वाढदिवस, दुसऱ्या दिवशी करा, असं म्हटलं. तिचा चेहरा उतरला. मग म्हणाली, मॅडम, माझ्याहून एकच पायरी वर आहात आणि बोलता अगदी पहिल्या नंबरासारखं. चूक तिची नाही. खरं कारण सांगितलं असतं तर तिने मला डॉक्टर सुचवला असता, आणि तेही चूक नसतं.

जाताना डोळे पुसत होती. तिला तो दिवस हवा आहे. फार हवा आहे.

३० मे

फलक पाहिला. ठीक.
आई फोनवर म्हणाली, आवाज का असा. काही नाही म्हटलं.

३१ मे

सकाळी ठीक. दुपारी ठीक. जिना उतरताना दोन्ही हातांनी कठडा धरते. रस्ता ओलांडत नाही, पुलावरून जाते. नवीने गुड मॉर्निंग म्हटलं, मी दचकले —

१ जून, संध्याकाळ

दुपारी एकला उतरले. एकोणसाठवर तिची पट्टी. साठची खाच रिकामी. माझी कुठेच नाही.

चिटणिसांना कपाट उघडायला लावलं. तळाशी बोटं फिरवली. त्यांनाही सापडली नाही. म्हणाले, उद्या नवी करून आणू.

गवय्याला पावणेपाच तास. जुळ्यांच्या बापाला चार. मला — आता पाच वाजून गेले.

उद्या पहाटे पाचची हजेरी. एकशे ऐंशी माणसं. मी त्या विमानात असता कामा नये. बाकी कशाचीच खात्री नाही, याची आहे.

नवीवर राग नाही. मी तरी दुसरं काय केलं? मास्तर, ही वही तुमच्या हाती आली तर तिला पट्ट्यांचं सांगा. मला जमलं नाही. आता तिच्या लगेच वर तुम्ही.

आईला फोन केला. उद्या येते म्हटलं. ती म्हणाली, सुट्टी मिळाली? हो म्हटलं. आजारी असल्याचं कळवलं की दिवस मोकळा. आजवर कधी खोटं आजारपण काढलं नाही. हे खोटं आहे का, ठरवता येत नाही.

रोस्टरच्या कचेरीला फोन लावला, नुसता वाजतो आहे, कोणी उचलत नाही. कचेरी पहाटे तीनला उघडते. खुर्चीतून उठायचं नाही. गजर लावला. पडद्याची ती बाजू अजून तशीच, दोन बोटं खाली —

उद्याचं काम एकच: तीनला फोन करून कळवायचं, की आजच्या उड्डाणाला मी