तळ्यातली विंडोज

२८ सप्टेंबर
कॉम्प्युटर आतून सुपारी कातरल्यासारखा आवाज करतो आहे. हार्ड डिस्क जाणार. राघवेंद्राला फोनवर सांगितलं, तर चिरंजीव म्हणाले, अप्पा, कॉम्प्युटर सोडा आणि अग्रहारातलं घरही सोडा, तुम्हा दोघांना आता झेपत नाही, हूटगळ्ळीला आमच्याकडे या. मी म्हणालो, आयुधपूजेच्या आत स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर नवा करून दाखवतो. तो म्हणाला, दाखवलात तर परत हूटगळ्ळीचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर दसरा झाला की सामान बांधायचं.
ठरलं.
सौ.नं स्वयंपाकघरातून विचारलं, तिकडे नळाला गरम पाणी येतं ना?

३० सप्टेंबर
देवराज मोहल्ल्यातून नवी ड्राइव्ह आणली. वजन म्हैसूरपाकाच्या वडीएवढं. कानाशी हलवून पाहिली, आवाज नाही. रिकामी डबी दिली म्हणून परत भांडायला गेलो. दुकानदार म्हणाला, अदरल्ली एनू तिरुगल्ला यजमान्रे. म्हणे आत काही फिरतच नाही. फिरत नाही ते चालणार कसं?

१ ऑक्टोबर, सकाळी
ड्राइव्ह बसवली. एक स्क्रू उरला. कंपनीनं जास्तीचा दिला असणार. विंडोजची डिस्क घातली, सगळं सुरळीत. आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्वी पक्कं असायचं. राघवेंद्राला काम झालं म्हणून कळवलं.

दुपारी
काम झालेलं नाही. पाकिटावरचा नंबर घातला तर कॉम्प्युटर म्हणतो, हा फक्त अपग्रेडचा आहे, आधी जुनी विंडोज दाखवा. त्या वेळी पूर्ण विंडोज परवडली नाही, म्हणून जुनीवर चढवायची घेतली होती. जुनी या घरात कित्येक वर्षं नांदली, अख्ख्या अग्रहाराला ठाऊक आहे. या ड्राइव्हला ठाऊक नाही. म्हणजे सून घरात घ्यायची तर आधी उंबऱ्यात सासू उभी पाहिजे.
सौ. म्हणाली, तुम्ही बसलाय की समोर. एवढं जुनं पुरत नाही का त्याला?

२ ऑक्टोबर
जुनी हार्ड डिस्क आता अगदीच गेली, तिच्यातून काही निघत नाही. हेल्पलाइनच्या मुलीनं सांगितलं, आधी जुन्या विंडोजची डिस्क घाला, तिच्यावर नवी चढवा. साधं आहे. जुनी डिस्क घरातच आहे, मी काही टाकत नाही. निश्चिंत.

४ ऑक्टोबर
कपाट, माळा, गादीखाली, कुठेच नाही. संध्याकाळी सापडली. सौ.नं काल पायऱ्यांवर दसऱ्याच्या बाहुल्या मांडल्या. सगळ्यांत खाली बाग, बागेत तळं. तळं म्हणजे माझी डिस्क. चकचकीत बाजू वर, तिच्यावर फेविकॉलनं चिकटवलेली तीन बदकं. मी दर वर्षी या तळ्याचं कौतुक करतो.
मागितली. सौ. म्हणाली, एकदा मांडलेलं विजयादशमीपर्यंत हलवायचं नसतं, तुमच्या आईंनीच शिकवलंय. विजयादशमी आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी. हिनं मुद्दाम केलं असा संशय मी घेणार नाही.
घेतला.

७ ऑक्टोबर
सौ. देवळात गेली तेव्हा तळं उचललं. जागेवर स्टीलची ताटली ठेवली. दोन बदकं ब्लेडनं अख्खी निघाली, तिसऱ्याचे पाय डिस्कवरच राहिले. तेवढ्यात शेजारच्या भवानीबाई गोंबे, म्हणजे बाहुल्या, बघायला आल्या. म्हणाल्या, या वर्षी तळं मोठं केलंत वाटतं, बदकं कुठे गेली? मी म्हणालो, हवापालटाला. एक बदक माझ्या मुठीत होतं.

८ ऑक्टोबर
डिस्क घातली. आत घरघर झाली, मग खट्ट. ट्रे उघडत नाही. पाय अडकले असावेत. आता नवी डिस्कही घालता येत नाही. सौ.ला भवानीबाईंकडून सगळं कळलं आहे. ट्रंक उघडून बसली आहे. कपड्यांना ऊन दाखवते म्हणाली. माझ्याशी नव्हे, ट्रंकेशी.

१० ऑक्टोबर
मार्ग सुचला. आयुधपूजेला यंत्रं वापरत नाहीत, पूजा करून विश्रांती देतात. उद्या कॉम्प्युटरला हार घालायचा. मग राघवेंद्र काय, कुणीही तो चालू करा म्हणू शकत नाही. मुदत आपोआप टळते. असं डोकं वकिलाला असतं.

११ ऑक्टोबर, आयुधपूजा
हार, हळदकुंकू, दारात कोहळा फोडला. राघवेंद्र आला. कॉम्प्युटरला मनोभावे नमस्कार केला. चालू करा म्हणालाच नाही. योजना यशस्वी.
जाताना आईला विचारून गेला, टेम्पो परवा सकाळी चालेल का.

१३ ऑक्टोबर, हूटगळ्ळी
तात्पुरता आलो आहे. टेम्पोत बाहुल्यांच्या पेट्या आधी चढल्या, कॉम्प्युटरला जागा उरली नाही. राघवेंद्र म्हणाला, नंतर आणू. मी बजावलं, आणू नकोस, मी आठवड्याभरात परत जाणार आहे. तो बरं म्हणाला. फार लवकर बरं म्हणाला.
नळाला गरम पाणी येतं.
रात्री जेवताना सूनबाई चैत्रानं विचारलं, मामंजी, अग्रहारातला दूधवाला बंद करायला सांगायचं आहे ना? मी म्हणालो, सांग, पण आठवड्यापुरताच. सौ. वाढता वाढता म्हणाली, त्याला मी नवरात्राच्या आधीच सांगून ठेवलंय.